मुकादमाचं लंघन

बायको जाऊन चार महिने झाले तरी सकाळी स्वयंपाकघरात तिच्या चपला वाजतात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या सशाला मात्र ते ऐकू येत असावं, कारण त्या वेळी त्याचे दोन्ही कान तिकडे वळायचे. मी उठून बघायचो, कुणी नसायचं. पण कान वळले म्हणजे आवाज झाला, एवढा मला धीर होता. मला एकट्यालाच ऐकू आलं असतं तर माझं डोकं फिरलंय असंच मी समजलो असतो.

ससा तिचा. नाव मुकादम, कारण तो नुसता बसून दुसऱ्यांची कामं बघतो. "घरात दोन मुकादम झाले," असं ती माझ्याकडे बघून म्हणायची. रोज सकाळी पिंजऱ्यापुढे उकिडवी बसून ती त्याच्या लेंड्या बघायची. मी विचारायचो, "काय म्हणतोय आजचा पेपर?" ती म्हणायची, "सगळं ठीक छापलंय."

ती गेल्यावर मी पिंजरा झाडायचो, पण बघत नव्हतो. वाळलं गवत घरभर पसरतं म्हणून ते कमी केलं आणि बिस्किटं वाढवली. त्याला ती आवडायची. लाड करायचे म्हणजे दुसरं काय करायचं, मला सुचत नव्हतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी पिंजरा अगदी स्वच्छ होता. मला वाटलं, शहाणा झाला. मग बिस्किट पुढे केलं तर त्याने तोंड फिरवलं. पाठ वर काढून, अंग आक्रसून कोपऱ्यात बसला होता. पोट बिघडलंय एवढं मला कळलं. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. तापलेला पंप आधी बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, मग हात लावायचा, हे तीस वर्षं करतोय. मी गवत, बिस्किटं सगळं बाहेर काढलं आणि नुसतं पाणी ठेवलं. म्हटलं, "मुकादम, आज लंघन. उद्या टुणटुणीत होशील."

बुधवारी सकाळी चपला वाजल्या. सवयीने मी त्याच्याकडे बघितलं. कान हलले नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले होते आणि बारीक करकर ऐकू येत होती. तो दात खात होता. तिच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलच्या खाटेशी बसून मी हाच आवाज ऐकला होता.

मी मेहुणीला फोन केला. सशांचं तिला कळतं, हा ससा दिलाही तिनेच होता.

"भाऊजी, इतक्या सकाळी?"

"मुकादम खात नाहीये. कालपासून मीही काही दिलं नाही. पोटाला आराम म्हणून."

"सशाला आराम? अहो, ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तर दवाखाना गाठायचा असतो. ताईने सांगितलं नाही?"

"मला नाही सांगितलं."

"सांगितलं असणार. तुम्ही पंपाशिवाय कुणाचं ऐकता? कान गार आहेत का बघा."

"गार आहेत."

"टॉवेलात गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि निघा. तोंडात काही कोंबू नका."

बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसलो. शेजारची जागा रिकामी होती. एका बाईंनी बसू का विचारलं तर मी म्हणालो, "माणूस आहे इथे." त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला ते परत घेता आलं नाही. उतरेपर्यंत ती जागा तशीच राहिली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी त्याचं पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, एक्स-रे काढला.

"अडकलेलं काही दिसत नाही, ते बरं आहे. पण गॅस भरलाय आणि आतडी जवळजवळ थांबलीत. शेवटची लेंडी कधी बघितलीत?"

"झाडतो रोज, पण बघत नाही," मी म्हणालो.

"काका, याचं आतडं सतत चालावं लागतं. खाणं थांबलं की ते थांबतं. मग दुखतं, आणि दुखलं की हा आणखी खात नाही. याला उलटीसुद्धा करता येत नाही. उपाशी कशाला ठेवलंत? माणसाला सांगतात तसं?"

"माणसालाही सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांचं लक्ष इंजेक्शनकडे होतं.

जन्मभर बायकोने माझा एक शब्द ऐकला नाही. पोट दुखायला लागलं तेव्हा मात्र मी लंघन कर म्हणालो आणि तिने केलं. तिचं आतडं अडकलं होतं. आणायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

मुकादमाला दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं. गवताची पूड पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने दर तीन तासांनी थोडी थोडी भरवायला सांगितली. "संध्याकाळपर्यंत लेंडी झाली नाही तर परत आणा," त्या म्हणाल्या. "मग मात्र मी खात्री देणार नाही."

बाराला भरवलं तेव्हा निम्मं माझ्या शर्टावर आलं. तीनला त्याने थोडं चावलं. साडेचारला पिंजऱ्यात पाच लेंड्या दिसल्या, मिरीएवढ्या, वेड्यावाकड्या. मी दोनदा मोजल्या. मग मेहुणीला फोन केला.

"झाल्या. पाच."

"मोठ्या का बारीक?"

"बारीक. पण झाल्या."

"चला. आता भरपूर गवत ठेवा पुढ्यात. वेळेवर नेलंत, बरं झालं."

"तुझ्या ताईला मीच उपाशी ठेवलं होतं," मी म्हणालो. "दोन दिवस. डॉक्टरांना मी एकच दिवस सांगितला."

ती फोन ठेवेल असं वाटलं.

"पुढचं भरवायचं किती वाजता?"

"सहाला."

"येते मी. त्याला धरायला दुसरं माणूस लागतं." मग म्हणाली, "आणि त्या दोन दिवसांचं सगळं सांगायचं मला. काही गाळायचं नाही."

"बरं."

सहाला सव्वा तास होता. कुठून सांगायचं ते मी ठरवत बसलो. त्या सोमवारच्या सकाळपासूनच सांगावं लागणार होतं. सोमवारी ती उभ्यानेच चहा प्यायली होती. बसलं की दुखतं, म्हणाली होती.