मागच्या सीटची किंमत

मी एक जुनी मोटारसायकल आहे. आज मी रस्त्यात दिसले, तर तुम्ही मान वळवूनही बघणार नाही. पण मित्रांनो, एके काळी चालती माणसे माझ्यासाठी थांबत. आणि एकदा एकाच महिन्यात माझी किंमत तीन वेळा ठरली. त्या महिन्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या शंभरजणी रांगेत उभ्या होत्या. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. मला घेतले एका लेथ चालवणाऱ्या कारागिराने. मापात केसाएवढा फरक पडला तरी त्याला जेवण जात नसे, म्हणून कामावरचे सगळे त्याला ‘मायक्रॉन’ म्हणत. घरात त्याची आई आणि बायको. पहिली दोन वर्षे मागच्या सीटवर कधी आई असे, कधी बायको, आणि मांडीवर भाजीची पिशवी. मी सगळ्यांना सुखरूप घरी आणत असे.

पुढे मायक्रॉनला माझ्या सजावटीचे वेड लागले. आधी हँडल बदलले. मग पितळेच्या मुठी आल्या, त्याने स्वतः कातलेल्या. गोल मोठा दिवा आला. गाड्या रंगवणाऱ्या मित्राने टाकीवर हिरव्या रंगाचे सात हात दिले. खोटे कशाला बोलू, मला ते सगळे आवडत होते. काचेच्या दारांवरून जाताना मी स्वतःला बघून घेत असे.

शेवटी मी मागून आखूड दिसावी म्हणून त्याने माझी चासी, म्हणजे माझा सांगाडाच, करवतीने कापला आणि पुन्हा वेल्डिंग करून जोडला. मागची सीट गेली.

“आणि मी कुठं बसू?” बायकोने विचारले.

“बस आहे की! स्टॉप तर दारातच आहे,” तो हसत म्हणाला.

ती हसली नाही. त्यानंतरची सहा वर्षे ती बसने गेली. मी मात्र फोटो काढून घेण्यात दंग होते.

मग आईच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. बसची पायरी तिला चढवत नसे आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नसे. त्याच्या कारखान्यातले सुपरवायझर आपली छोटी जुनी कार विकणार होते. “महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी थांबतो,” ते म्हणाले. कार घ्यायची तर मला विकणे भाग होते.

मायक्रॉनने कागद घेतला आणि माझ्या अंगावरच्या एकेका वस्तूची किंमत लिहिली. मुठी, दिवा, रंग, सीट, वर स्वतःची मजुरी. बेरीज नव्या गाडीच्याही वर गेली. बायकोने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अहो, ही गाडीची किंमत आहे की तुमच्या हौसेची?”

“सात हात रंग आहे त्याला!”

“घेणाऱ्याने सांगितलं होतं का द्यायला?”

त्याचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण मला दिवाच होता. पुढचे दोन आठवडे गिऱ्हाइके येऊन गेली. एकाला फक्त दिवा हवा होता, एकाला टाकी, एकाला मुठी. आख्खी मी कुणालाच नको होते. एक जण म्हणाला, “मूळची असती तर डोळे मिटून घेतली असती.” माझे मूळचे भाग पोत्यात घालून माळ्यावर टाकले होते. इतकी वर्षे त्यांची आठवणही मला झाली नव्हती, आणि त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला.

किंमत बरीच उतरवली, तेव्हा एक बेकरीवाला आला. बरोबर त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. त्याने मला चालवून पाहिले आणि घासाघीस न करता हो म्हटले. कारच्या किमतीला तेवढे पैसे पुरत होते. बायकोने दारातून सुस्कारा सोडला.

“मागं एक सीट बसवून घेतो,” बेकरीवाला म्हणाला. “हिला शाळेत सोडायचं असतं.”

मुलगी तेवढ्यात माझ्या मागच्या टोकावर चढून बसलीही होती. बरोबर जोडाच्या वर. मित्रांनो, तो जोड रंगाखाली होता. तो फक्त मायक्रॉनला ठाऊक होता आणि मला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण आम्हाला तोंड कुठे असते! मायक्रॉन बेकरीवाल्याच्या हातातल्या पैशांकडे बघत होता. मग मुलीकडे. मग आईच्या खोलीच्या दाराकडे.

“हिला खाली घ्या,” तो म्हणाला. “चासी मागून कापलेली आहे. मीच कापली.”

“पण वेल्डिंग पक्कं असेल ना?”

“माझ्या एकट्यापुरतं पक्कं आहे. हिला बसवण्याइतकं भरवशाचं नाही.”

बेकरीवाल्याने मुलीला उचलून घेतले आणि पैसे परत खिशात ठेवले. गल्लीच्या टोकाशी गेल्यावर त्याने एकदा मागे वळून मान हलवली.

रात्री जेवताना मायक्रॉन बायकोला एवढेच म्हणाला, “कार गेली बहुतेक हातची.” ती म्हणाली, “वाढू का अजून?” आणि उत्तराची वाट न बघताच वाढले.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहिरात नव्याने लिहिली. पहिलीच ओळ होती, ‘चासी मागून कापून जोडलेली आहे. मागे कोणालाही बसवू नये.’ किंमत निम्म्याच्या जवळ आली. मला लाज वाटली, हे कबूल करते. पण ती ओळ वाचूनच एक बाई आल्या. घरोघर विजेच्या मीटरचे आकडे टिपण्याचे त्यांचे काम.

“माझ्यामागे कोण बसणार? एक पिशवी,” त्या म्हणाल्या. “पण ही चासीची ओळ कागदावर लिहून सही करून द्या. आणि हा बाकीचा थाट नको मला. साधी करून द्या.”

मग माळ्यावरचे पोते खाली आले. दिवा, टाकी आणि मुठी ज्यांनी मागितल्या होत्या त्यांच्याकडे गेल्या. सगळे मिळून कारचे पैसे कसेबसे जमले, तेही महिना संपायला एक दिवस असताना.

सायलेन्सरही त्याने बदललेला होता, हे सांगायचे राहिलेच. त्याचा घुमणारा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत जाई. मूळचा बसवल्यावर मायक्रॉनने मला सुरू केले, तर मी नुसती पुटपुटले. आई भिंतीचा आधार घेत दारात आली.

“हा कसला रे आवाज?”

“आता हाच, आई.”

ती थोडा वेळ ऐकत राहिली. “तुझी गाडी वळणावर आली की मला ऐकू यायची. मग मी पोळ्या टाकायला उठायची. उठवत नाही आता, पण कान तिकडंच असतो. आता तू आलास हे मला कसं कळणार?”

मायक्रॉनने मला बंद केले. हात पुसत तो तिच्याजवळ गेला.

“कळायचं काय त्यात? आता जाताना-येताना मी तुझ्या शेजारीच बसलेला असणार.”

आईने त्याच्या काळ्या हातावर हात ठेवला. मला त्या क्षणी रडू आले असते. माझ्या सात हातांच्या हिरव्या टाकीसाठी नव्हे, तर त्या सहा वर्षांसाठी, जेव्हा मी इतकी देखणी होते आणि माझ्यावर एकाच माणसाला जागा होती.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला हवे तितके सजवा. रंग द्या, दिवे लावा, आमचे लाड करा. आम्हाला ते आवडते. फक्त मागची सीट तेवढी कापू नका.