बारव बुजवायची ठरली तेव्हा

मित्रांनो, काठावरून असं वाकून बघू नका, सरळ पायऱ्या उतरून या. मी एक जुनी बारव आहे. विहीर नव्हे, बारव! विहिरीत बादली उतरते, माझ्यात माणसं उतरतात. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण पुष्कळजण मला ‘पायऱ्यांची विहीर’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. आज मात्र रागवायला मला सवडच नाही. मला इतका आनंद झालाय की कधी एकदा सगळं सांगते असं झालंय.

पेडगावच्या पुढे, आडबाजूला आमचं गाव आहे. मला कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी एका राजाचं नाव घेतं, कुणी दुसऱ्याचं, आणि मला बांधणारे पाथरवट बाजूलाच राहतात. काळा दगड त्यांनी असा घासून बसवला की सांध्यात काडीसुद्धा शिरत नाही. चारी बाजूंनी पायऱ्या, मधे पाणी, पायऱ्यांच्या कडेला दिवा ठेवायचे कोनाडे. उत्तरेला माझं दगडी तोंड आहे. वरच्या आळीत पडलेलं पावसाचं पाणी उतारानं तिथे यायचं, बाहेरच्या डबक्यात गाळ टाकून निवळायचं आणि मग माझ्यात उतरायचं.

काय दिवस होते ते! निजामाच्या अमलातले घोडेस्वार माझ्यापाशी थांबून घोड्यांना पाणी पाजायचे. बायका घागरी घेऊन यायच्या आणि गावातली खबर मला सगळ्यांच्या आधी कळायची. मेंढपाळ मेंढरांना घेऊन माझ्या काठावरच्या हौदाशी थांबायचे. मीठ लागलं, पीठ लागलं तर लोक शेजारी जायचे, पण पाणी लागलं की माझ्याकडे यायचे. मी नाही म्हटलं नाही कधी.

मग गावात नळ आला, बोअर आला. चांगलंच झालं, बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. पण माझ्याकडे येणारी पावलं थांबली आणि कचरा मात्र न चुकता येऊ लागला. आधी निर्माल्य, मग फुटके माठ, मग प्लास्टिकच्या पिशव्या, आणि एकदा तर अख्खी गादी! त्या गादीखाली माझा झरा पार घुसमटला.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जो सरपंच होतो, तो आपल्या काळात वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत सिमेंटचा रस्ता करतो आणि रस्त्याच्या तोंडाशी आपल्या नावाची कोनशिला बसवतो. जुना रस्ता उखडायचा म्हणजे आधीच्या सरपंचाचा अपमान, आणि नवा करायचा नाही तर आपलं नाव लावायचं कुठे? म्हणून रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर आणखी रस्ता. रस्ते चढत गेले, घरं होती तिथेच राहिली. खालच्या आळीतल्या नर्मदाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पायरी चढून घरात गेल्या होत्या. आता त्या घरात उतरून जातात. आणि गावात कुणालाही याचं नवल वाटत नव्हतं!

सगळ्यात वरचा थर किशनरावांचा. किशनराव म्हणजे आमचे माजी सरपंच, गावातलं वजनदार माणूस. बोलणं कडक, पण अडल्यानडल्याला सगळ्यांच्या आधी धावणारे. गेल्या वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी आपल्या पुतण्याच्या बायकोला, राजेश्रीला, आपल्या पॅनलमधून उभं केलं. प्रचारात दोघांनी एकच गोष्ट सांगितली. घाण साचलेली बारव मुरूम टाकून बुजवायची आणि त्या जागेवर गावाचं सभागृह बांधायचं. लग्नं, बारशी, सगळं तिथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजेश्री निवडून आली. टाळ्या वाजत होत्या माझ्या मरणाच्या, आणि त्या मला काठाशीच ऐकाव्या लागल्या. फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

दसरा झाला की मुरूम पडणार होता. पण त्याआधी भादव्यात पाऊस असा कोसळला की वरच्या आळीचं सगळं पाणी खालच्या आळीत घुसलं. नर्मदाबाईंच्या घरात धान्याची कोठी पाण्यात उभी राहिली. लोक ओरडू लागले, “बारव फुटली! बारवंच्या पाण्यानं घात केला! बुजवा म्हनलं होतं आमी!”

राजेश्री साडीचा ओचा खोचून धावत आली. आधी कोठीतलं धान्य बाहेर काढायला लागली आणि मग थेट माझ्याकडे आली. कचऱ्यातून वाट काढत ती माझ्या पायऱ्या उतरली. किती वर्षांनी माणसाचा पाय लागला मला! ती पार खाली गेली आणि थबकली. माझ्या तळाशी गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं.

“समद्या घरात पाणी अन् बारव रिकामी?” ती स्वतःशीच बोलली. “हे कसं काय?”

मी ओरडून सांगितलं असतं, पण दगडाला आवाज कुठला! तिनेच शोधलं. ती काठाकाठाने उत्तरेला गेली, झुडपं बाजूला केली, आणि तिला माझं दगडी तोंड दिसलं. त्याच्यापुढे रस्त्याची कड आडवी भिंत होऊन उभी होती. कडेवर भाकरीच्या चवडीसारखे रस्त्याचे थर स्पष्ट दिसत होते. पाणी माझ्या तोंडापर्यंत यायचं, भिंतीला आदळायचं आणि नर्मदाबाईंच्या दाराकडे वळायचं. राजेश्री तिथे बराच वेळ भिजत उभी राहिली. माझ्या झऱ्याची शपथ, तेवढ्यात मला जगायची आशा वाटू लागली.

पण पंचायतीतले बहुतेक सदस्य किशनरावांचे होते. ते फिरले तर राजेश्रीची खुर्ची जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी तिने काय केलं माहीत आहे? ग्रामसभा पंचायतीच्या हापिसात न घेता माझ्या काठावर बोलावली! बायकांची सभा आदल्या दिवशीच झाली होती, म्हणून त्या ठरवूनच आल्या होत्या. सतरंज्या पडल्या, माईक लागला, किशनराव पुढच्या खुर्चीत बसले. मी श्वास रोखून ऐकत होते.

राजेश्री उभी राहिली. “मी तुमाला सभागृहाचा शब्द दिलता,” ती म्हणाली. “तो शब्द मी आज तुमच्याच म्होरं मागं घ्यायले. यंदाच्या निधीत एकच मोठं काम बसतं. माझ्या मतानं आधी पाणी, मग रस्ते, मग सभागृह. सभागृह व्हईल, पर शाळंमागच्या जागेत अन् पुढच्या वर्षी. बारव बुजवायची न्हाई, उपसायची. अन् नवा रस्ता जुन्यावर टाकायचा न्हाई. जुने थर खोदून काढायचे.”

एकच गलका झाला. किशनरावांचा चेहरा तांबडा झाला. “सूनबाई, पाणी वर्सातून चार दिवस येतं,” ते म्हणाले. “लग्नं बारा महिने हायेत. पाथरीला जाऊन मंगल कार्यालय धरावं लागतं गरिबाला. त्याचं काय?”

बोलणं खोटं नव्हतं, पुष्कळांनी माना डोलावल्या. तेव्हा नर्मदाबाई काठीचा आधार घेत उठल्या. “किशनराव, माज्या नातवाचं, रामचं लगीन हाय माघात,” त्या म्हणाल्या. “लगीन कुटं बी लागंल. पर नवरीला नांदायचं हाय ते माज्याच घरात ना? तिला काय पाण्यात उभी करू?”

बायकांमधून हशा आणि हुंकार दोन्ही उठले. राजेश्रीने मग वाद घातलाच नाही. तिने पाण्याने भरलेली घागर उचलली, सगळ्यांना घेऊन वरच्या आळीच्या तोंडाशी गेली आणि घागर रस्त्याच्या कडेने ओतली; मागोमाग बायकांनीही आपापल्या घागरी ओतल्या. पाणी निघालं! पोरं त्याच्या बाजूने पळत सुटली. “आलं, आलं!” म्हणून नुसता आरडाओरडा. पाणी उतरत उतरत माझ्या तोंडाशी आलं, रस्त्याच्या कडेला अडलं, क्षणभर थांबलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळून नर्मदाबाईंच्या उंबऱ्यावरून आत गेलं. पोरं उंबऱ्यापाशीच थबकली.

तेवढ्यात उमाजी मेंढपाळ पुढे आले. “ताई, बारव उपसा, माजी मेंढरं दुवा देतील,” ते म्हणाले. “पर तुमी गायरानावर झाडं लावून कुंपन घालनार म्हनं. मग मेंढरं तुमच्या हापिसात बांदू का?”

सगळे पोट धरून हसले. राजेश्रीही हसली. “उमाजी मामा, गायरानाची एकच बाजू आधी बंद करू,” ती म्हणाली. “झाडं मेंढराच्या तोंडाच्या वर गेली की ती बाजू मोकळी करून दुसरी धरू. झाडं बी जगतील अन् मेंढरं बी.” उमाजींनी मान डोलावली आणि तिथेच मातीत बसकण मारली.

मग सगळे पुन्हा माझ्या काठावर येऊन बसले आणि हात वर करायची वेळ आली. बायकांचे हात झटक्यात वर गेले. खालच्या आळीतली माणसंही मागे राहिली नाहीत. पण वरची आळी किशनरावांकडे बघत बसली, आणि वरच्या आळीतली माणसं जास्त. माझे दगड थरथरले म्हटलं तरी चालेल.

किशनराव सावकाश उठले. “खोदताना माजी कोनशिला निघंल,” ते म्हणाले.

“निघंल, मामा,” राजेश्री म्हणाली. तिने नजर हलवली नाही.

किशनराव नर्मदाबाईंच्या ओल्या उंबऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंग ती मीच काढनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई.” आणि त्यांनी आपला हात वर केला.

मित्रांनो, त्या क्षणी वरच्या आळीचे हात कसे वर गेले म्हणून सांगू! मी जगले, मी जगले! टाळ्या पुन्हा वाजल्या, पण या टाळ्या माझ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव पहार घेऊन आले आणि कुणाला मधे न येऊ देता त्यांनी स्वतः आपल्या नावाचा दगड काढला. मग मशीनने रस्त्याचे थर फोडले. माझ्यात मशीन उतरू शकत नाही, त्यामुळे अख्खा गाव पायऱ्यांवर रांगेत उभा राहिला आणि घमेली हातोहात वर गेली. कचरा वेगळा, गाळ वेगळा. काळाभोर गाळ ट्रॅक्टरने शेतात गेला. ती गादी निघाली तेव्हा तर मी लाजून मेले! एकेक पायरी उघडी होत होती आणि मला वाटत होतं, अरे, ही पण माझीच, ही पण माझीच! आणि एका दुपारी तळाच्या दगडांमधून माझा झरा बारीक आवाज करत सुटला. खाली उभी असलेली माणसं कामच विसरली. किशनरावांनी ओंजळीत पाणी घेऊन चव पाहिली आणि “गोड हाय की!” एवढंच म्हणाले.

यंदा आषाढात वरच्या आळीचं पाणी गल्लीतून धावत आलं आणि सरळ माझ्या तोंडातून आत उतरलं. नर्मदाबाई कोरड्या दारात नवी नातसून शेजारी घेऊन उभ्या राहून बघत होत्या. मी भरत होते आणि सगळा गाव काठावर जमला होता. एवढी गर्दी मी माझ्या तरुणपणीही पाहिली नव्हती.

पण माझ्या आनंदाचं खरं कारण ते नव्हे. ते परवा घडलं. पुढच्या वर्षाच्या खर्चाची ग्रामसभा झाली. राजेश्रीने अंदाजपत्रक वाचायला घेतलं. शाळेचं छत, गायरानावरची झाडं, सभागृहाचा पाया, नळाची दुरुस्ती. मी सहज ऐकत होते. लोक मला बघायला येतात, माझे फोटो काढतात, मला जुनी वास्तू म्हणतात, तेवढ्यावर मी खूश होते. तर तिने वाचलं, “बारवेचा गाळ दरवर्षी काढणे.” कुणी वाद घातला नाही, कुणी टाळीही वाजवली नाही. सगळ्यांनी मान डोलावली आणि ती पुढच्या कामाकडे वळली. मित्रांनो, मला भरून आलं. पाहुण्याचं कौतुक करतात, त्याच्यासाठी दरवर्षीचा खर्च कुणी धरत नाही. तो घरच्या माणसासाठीच धरतात.

म्हणून माझं तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या गावात ग्रामसभा असेल तेव्हा मोठ्या माणसांबरोबर जाऊन बसा. अंदाजपत्रक वाचतात ते कंटाळवाणं वाटलं तरी कान देऊन ऐका. तुमच्या गावातल्या ओढ्यासाठी, तळ्यासाठी, झाडांसाठी, माझ्यासारख्या एखाद्या बारवेसाठी काही धरलंय का बघा. आणि ज्याच्यासाठी काहीच धरलेलं नसेल, त्याला स्वतःला बोलता येत नाही हे लक्षात ठेवून तुम्ही उभे राहा आणि त्याचं नाव मोठ्याने घ्या.