सगळ्यांच्या वतीनं

ओवरसिअरनं दारावर चुन्याची फुली मारायला हात उचलला, तसा अनसूयाबाईंनी उंबऱ्यातूनच कागद पुढं केला.

देवीच्या देवळाकडं जाणारी गल्ली रुंद करायची होती. त्यासाठी बारा घरं पाडायची होती. काही मालकांनी समिती नेमली आणि समितीनं सगळ्यांच्या वतीनं संमती लिहून दिली. अनसूयाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्या चारदा एस.टी.नं उस्मानाबादला जिल्हा कचेरीत गेल्या, तेव्हा कुठं हुकूम निघाला: ज्या मालकाची सही नाही, त्याचं घर समिती परस्पर देऊ शकत नाही.

ओवरसिअरनं हुकूम वाचून परत दिला आणि तो पुढच्या दाराकडं वळला.

शेजारचे विष्णुपंत समितीचे अध्यक्ष. ते ओशाळून म्हणाले,

"वहिनी, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून गृहीत धरलं."

"ह्यांनी ह्याच घरात डोळे मिटले, भावोजी. विचारलं असतं तर कदाचित दिलंही असतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी विष्णुपंतांच्या घरावर पहारी पडू लागल्या. छप्पर उतरलं. दोन घरांमधल्या भिंतीपाशी येऊन बंडप्पा वडार थबकला.

"पंत, बाईंची समदी तुळवटं ह्याच भिंतीवर हायती. भिंत कुणाची?"

अनसूयाबाईंनी पेटीतून निजामाच्या वेळचा उर्दू दस्त आणला. त्यांना तो वाचता येत नव्हता. विष्णुपंतांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि मान वर केली नाही.

"भिंत आमची आहे, वहिनी. तुमच्या आजेसासऱ्यांना तुळया टेकवायची नुसती परवानगी होती." मग ते ओवरसिअरकडं वळले. "साहेब, एवढी भिंत राहू द्या. मी सांगतो."

"तुमची सही झालीय, पंत. आता ते घर तुमचं राहिलं नाही."

विष्णुपंतांनी दस्ताची घडी घातली आणि तो अनसूयाबाईंना परत दिला.

अनसूयाबाई आत गेल्या. चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. देवघरातले देव पदरात घेऊन त्या बाहेर आल्या आणि ओवरसिअरसमोर उभ्या राहिल्या.

"सही कुठं करायची, सांगा."

"तुमची सही कशाला, बाई?" तो समजुतीनं म्हणाला. "तुमच्या घराला हात लावायचा हुकूमच नाही."

आणि त्यानं बंडप्पाला भिंतीकडं मानेनं खूण केली.