काट्याला नमस्कार

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. समोर बसलेली हंसा आत्ताच गालात हसतेय. ती पडली शाळेतली बाई, तपासल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. हस बाय, खुशाल हस. पण त्र्याण्णव साली बोईसरच्या एका कारखान्यात मुंबईचा शिकलेला साहेब स्वतःच मांडलेल्या परीक्षेत नापास झाला, आणि त्याला वर काढलं दांडीच्या जयवंतीने, जिने चौथीनंतर पाटीला हात लावला नव्हता.

कारखाना कोलंबीचा. माल सोलायचा, तोलायचा, गोठवायचा आणि बाहेरदेशी धाडायचा. जयवंतीने आठ वर्षं सोलायच्या खोलीत काढली होती. बर्फाच्या पाण्यात तिचे हात इतके गारठायचे, की संध्याकाळी घरी जाऊन तिने घागरीला हात लावला तर आतलं पाणी थिजायचं. मग कुठे माल तोलायचा काटा मिळाला. कोरडी जागा, बसायला स्टूल, हातात पेन्सिल. अशा बारा बाया काट्यावर होत्या. सकाळी पहिला ट्रे ठेवण्याआधी प्रत्येक बाई काट्याला तळवा टेकायची आणि तो कपाळाला लावायची, कोळी होडीत पाय ठेवताना होडीला करतात तसा नमस्कार. बेटेगावची भागी डोंगराकडची, तिच्या घरात कुणी होडीत पाय ठेवला नव्हता, पण आठवड्यात तीही तळवा टेकायला लागली.

एके दिवशी काट्याशेजारी संगणक येऊन बसला. मॅनेजर म्हणाले, "यापुढे वजन वहीत नाही, यात टाकायचं. शनिवारी परीक्षा. ऐंशीच्या वर मार्क मिळतील ती काट्यावर राहील. बाकीच्या परत सोलायला."

जयवंतीने हात पदराखाली घेतले.

शिकवायला साहेब आला तो एक फ्लॉपी घेऊन. त्यातला प्रोग्राम भारी होता. एकाने संगणकावर काम करून दाखवायचं, प्रोग्राम त्याचं एकेक बटण टिपून घेणार आणि त्याचा धडा बनवणार. मग शिकणारीने समोर बसायचं. धडा पायरी-पायरीवर थांबणार आणि विचारणार, आता पुढचं बटण कुठलं? बरोबर दाबलं की पुढे, चुकलं की पीं! परीक्षेत तर सूचनाही नाही, नुसती पीं आणि मार्क वजा.

साहेबाने धडा टिपला. काय ती बोटं! इतकी जोरात चालली, की कीबोर्डावरची दोन अक्षरं उडून पंख्याला चिकटली. आणि मग बाया बसल्या. पीं! पीं! पीं! आवाज दांडीच्या बंदरापर्यंत गेला, आणि भोंगा समजून तीन होड्या अर्ध्यातून परत आल्या. सरावात एकीलाही चाळिसाच्या वर मार्क नाहीत. मुरबे गावची रंभाबाई, सगळ्यांत थोरली, स्टुलावरून उठली. "मना नाय जमत गो. सोलायलाच धाडा."

"बसा आज्जे," जयवंती म्हणाली. मग साहेबाकडे वळली. "साहेब, तुमी काटा चालवलाय कदी?"

"मी प्रोग्राम चालवतो," साहेब म्हणाला.

"तेच म्हनते मी. तुमचा धडा आदी लॉट नंबर मागतो, मग तारीख, मग गाव, आनि वजन सगल्यात शेवटी. हिकडं कोलंबी पैली काट्यावर पडते. आमी वजन बगतो, मग ट्रे मोजतो, मग चिठ्ठीवरचा लॉट वाचतो. तुमी कापडाच्या दुकानातला धडा आनलाय."

भागी फिस्सकन हसली. साहेब लाल झाला. "मग तूच टीप की धडा."

त्याने चिडून म्हटलं होतं, पण मॅनेजर मागेच उभे होते. म्हणाले, "टिपू दे. जेवणाच्या सुट्टीत एक तास देतो. पण परीक्षा शनिवारीच."

जयवंतीने रंभाबाईला शेजारी बसवलं. साहेबाने टिपणी चालू केली. जयवंतीने ओले हात पदराला पुसले, कीबोर्डाला तळवा टेकून कपाळाला लावला, आणि एक खरा ट्रे काट्यावर ठेवला. बघितलं, टाकलं. मोजलं, टाकलं. रंभाबाई "हां, आता लॉट" म्हणेपर्यंत जयवंती थांबायची, मगच पुढचं बटण. तासाभरात धडा तयार झाला. उरलेले चार दिवस बायांनी त्यावर हात बसवला.

शनिवारी मॅनेजर वही घेऊन बसले. पहिली रंभाबाई. तिने कीबोर्डाला तळवा टेकला, कपाळाला लावला, आणि सुरुवात केली. एकदाही पीं नाही. ब्याण्णव! मग भागी, अठ्ठ्याऐंशी. एकेक करत अकरा जणी पास. बाहेर बर्फाच्या गाडीवरचे मजूर खिडकीला लटकले होते, प्रत्येक निकालाला "पास! ये भी पास!" ओरडत होते.

साहेबाला हे झेपेना. "मशीन बिघडलंय. सगळ्यांनाच पास करतंय. बघा, मी दाखवतो."

तो बसला. वजनाचा आकडा दाबला. पीं!

पुन्हा दाबला. पीं! मग हळूच एका बोटाने दाबला, जणू झोपलेल्या मांजराला उठवतोय. पीं! पडद्यावर अक्षरं आली: नापास, धडा पुन्हा पाहा.

मॅनेजरांची पेन्सिल हवेत राहिली. बाराही बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण चूक त्यांनाही दिसत नव्हती. साहेबाचं बटण तर बरोबर होतं.

जयवंतीने आपल्या तळव्याकडे पाहिलं. टेकवताना अंगठ्याखाली येतं ते लांब बटण. टिपणाऱ्या प्रोग्रामने तेही पहिली पायरी म्हणून टिपलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "आदी नमस्कार."

"काय?"

"हात टेका. पुरा. मग कपाळाला लावा."

साहेबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तळवा टेकला. लांब बटण दबलं आणि पडदा पुढे सरकला. साहेब कपाळाला हात लावून तसाच बसून राहिला. खिडकीत जो कल्ला झाला, त्याने पत्र्यावरचे कावळे थेट पालघरला जाऊन बसले.

मॅनेजर हसून हसून वहीत मार्क लिहायचं विसरले. मग म्हणाले, "पहिली पायरी तशीच ठेवा. काढू नका. आणि नव्या माणसाला शिकवायचं काम आजपासून जयवंतीबाईंकडे."

पण तिची स्वतःची परीक्षा राहिली होती. ती बसली. तळवा, कपाळ, वजन, ट्रे, लॉट. खोलीत नुसता बटणांचा आवाज. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा आला. किती? शंभरापैकी एकशे दहा!

"एकशे दहा?" हंसा म्हणाली.

हो, एकशे दहा. शंभर कामाचे, आणि वर दहा सुवाच्य अक्षराचे.

"तात्या!" हंसा ताडकन उठली. "कीबोर्डावर सगळ्यांचं अक्षर सारखंच उमटतं! थाप! चक्क थाप मारताय तुम्ही!"