बैलजोडी विरुद्ध झोपडी

हेमचंद्रचं चांगलं झालेलं रविंद्रला कधीच बघवलं नाही. दोघे एकाच तालुक्यातले, एकाच वर्षी सिंगापूरला आलेले. रविंद्र तुआसच्या शिपयार्डमध्ये इंजिनीअर, राहायला वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये. हेमचंद्रचं ऑफिस हार्बरफ्रंटला आणि तिथून चालत जाता येईल असा महागड्या खासगी सोसायटीतला कॉन्डो. एवढ्यावर भागलं असतं तर रविंद्रनं कदाचित सोसलंही असतं. पण या माणसाला आजोबासुद्धा जिंकलेले मिळाले होते.

सत्तावन्न सालच्या मुंबई राज्याच्या विधानसभा निवडणुकीत दोघांचे आजोबा समोरासमोर उभे होते. रविंद्रचे काँग्रेसच्या बैलजोडीवर. हेमचंद्रचे संयुक्त महाराष्ट्र समितीकडून, प्रजासमाजवाद्यांच्या झोपडीवर. त्या साली तिकडे समितीचं वारं असं होतं की काँग्रेसवाल्याला त्याच्या आळीतही कुणी पाणी विचारेना. आजोबा सपाटून पडले. घराण्याला तेव्हा 'पडके' हे नाव चिकटलं, ते रविंद्रच्या शाळेपर्यंत पुरलं. आणि हेमचंद्र मात्र दर महाराष्ट्र दिनाला सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या स्टेजवरून तोच विजय हसत हसत सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि रविंद्रलाही त्या वाजवाव्या लागायच्या.

२०१७ला त्या निवडणुकीला साठ वर्षं झाली. मंडळाच्या अध्यक्ष चित्राताई, त्यांनी टूम काढली की एक मेला तीच निवडणूक पुन्हा घ्यायची, नातवांना उभं करून, तीही जुन्या पद्धतीनं. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची नि बाहेर यायचं. पेट्या बनवायचं काम रविंद्रनं मागून घेतलं.

होता खेळच, पण रविंद्रला तो खेळ वाटेना. महिनाभर ड्युटी संपली की तो MRT मेट्रोनं या टोकापासून त्या टोकापर्यंत मराठी घरं धुंडाळत, मतं मागत फिरला.

"एकदा तरी त्याला पाडायचाच," तो बायकोला म्हणाला.

स्मिता पोळ्या लाटत होती. "अरे, महाराष्ट्र दिनाला समितीच्या विरोधात कोण मत देणार? आणि पडलास तर काय आभाळ कोसळणार आहे?"

कोसळणार होतं. निदान त्याला तसंच वाटत होतं.

एक मेच्या दुपारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये पासष्ट जणांनी मत दिलं. तेवढा वेळ हेमचंद्र नुसता भिरभिरत होता. याच्या कानाला लाग, त्याच्या खांद्यावर हात टाक. मतदान चालू असताना प्रचार! रविंद्रचं टाळकंच सरकलं. मतदान संपून लोक चहाला गेले तेव्हा पेट्यांपाशी तो एकटाच उरला, आणि किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या. कोऱ्या मतपत्रिकांवर ना नाव ना खूण. या पेटीतल्या मूठभर त्या पेटीत गेल्या तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. त्यानं पडद्यामागे जाऊन झोपडीची पेटी उघडली.

आत एकच मतपत्रिका होती.

पेटी चुकली असं वाटून त्यानं चिन्ह पुन्हा पाहिलं. मग बैलजोडीची उघडली, तर ती गच्च भरलेली. खरं तर त्यानं नाचायला हवं होतं. पण हे झालं कसं तेच त्याला उमगेना. दोन्ही कुलपं लावून तो बाहेर आला, चोरी न करताच चोरासारखा.

चित्राताईंनी निकाल वाचला: बैलजोडी चौसष्ट, झोपडी एक. "बाबा, यू वॉन लाह!" असं सिंगापुरी इंग्रजीत ओरडत त्याची लेक अवनी उड्या मारू लागली. हेमचंद्रनं स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला आणि माईक घेतला.

"इतकी वर्षं आजोबांच्या नावावर मी टाळ्या खाल्ल्या. म्हटलं, या वेळी रवीला मिळू देत. सगळ्यांना सांगितलं, बैलजोडीला द्या. माझंही मत त्यालाच!"

हॉल दणाणला. त्या टाळ्या कुणाला पडताहेत हे न कळण्याइतका रविंद्र दुधखुळा नव्हता. हार गळ्यात होता आणि मान काही वर होत नव्हती.

घरी चालत जाताना अवनी पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "ते एक मत कुणाचं असेल गं?"

"माझं," स्मिता म्हणाली.

तो थांबलाच.

"तुलाच द्यायला निघाले होते. तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, वहिनी, रवीला द्या हं, बिचारा महिनाभर वणवण फिरलाय. माझा नवरा बिचारा? मला राग आला, रवी. भीक म्हणून तुला मत द्यायला माझा हात धजेना."

रविंद्र पुन्हा चालू लागला. चौसष्ट मतं त्याला हेमचंद्रच्या दयेनं मिळाली होती. त्याचा मान राखणारं मत अख्ख्या हॉलमध्ये एकच पडलं, आणि तेही मेलं हेमचंद्रच्याच पेटीत. त्या एका मताचाही त्याला हेवा वाटला.