उकंडरावांच्या खांद्याखाली

दवाखान्यातले साहेब, तुम्हाला सगळं माहीत होतं. तरी तुम्ही सांगितलं नाही. हा माझा आरोप आहे.

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हा चिखलीजवळच्या एका गावात झुंबरबाईनं मला शिवलं. पोटात घरचा कापूस, वर जुन्या लुगड्याची खोळ. तिचे मालक उकंडराव. पेरणीत तिफणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरावी तर त्यांनीच! कसं सारखं पडायचं. एका सकाळी त्यांना लकवा मारला. उजवं अंग लुळं झालं, वाचा गेली. झुंबरबाईनं त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं.

साहेब, तुम्ही गाडीतल्या माणसाकडे उभ्या उभ्या पाहिलंत. ‘घरी न्या’ म्हणालात. कंपाउंडर तेवढा दारापर्यंत आला.

“बाई, हात लोंबू देऊ नका. खांद्याखाली उशी द्या. दोन-दोन तासांनी कूस बदला.”

का, ते त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी कामाला लागले. कधी खांद्याखाली, कुशीवर वळवलं की हाताखाली. दोन महिन्यांनी उकंडरावांचा अंगठा हलला! झुंबरबाईनं मला छातीशी धरलं.

ते सासूनं, मनकर्णाबाईनं पाहिलं.

“काऊन वं, घडीघडी उशी काऊन फिरवून राह्यली? काय शिवलं तिच्यात?”

“काही नाही, आत्याबाई. कंपोंडर म्हने.”

“काऊन म्हने?”

झुंबरबाईनं मला पुन्हा खांद्याखाली सारलं. तिला तरी कुठं माहीत होतं?

शेजारची शालूबाई दारातूनच म्हणाली, “वाचा तं गेलीच. आता हात बी बांधते का काय!”

झालं. करणीची उशी म्हणून मनकर्णाबाईनं मला गोठ्यात टाकलं, हाताखाली दुसरं काही ठेवू दिलं नाही. उसवायला कोणी धजेना. आतलं लिंबू अंगावर येईल म्हणे. वीस दिवस उकंडरावांचा हात बाजेखाली लोंबत राहिला. शेवटी मनकर्णाबाईनंच विळा घेतला आणि मला फाडलं. लिंबू नाही, बिबा नाही. नुसता कापूस.

तोवर खांदा निखळला होता. हात उचलला की उकंडराव कण्हत. अंगठा पुन्हा हलला नाही.

मनकर्णाबाईनं कापूस गोळा केला, मला स्वतः शिवलं. टाके वाकडेतिकडे पडले.

“सांगतलं काऊन नाही वं मले?”

“मले कोनी सांगतलं, आत्याबाई?”

मित्रांनो, आजही कोणी मला उचललं की मी आधी त्याचा हात पाहते, विळा तर नाही ना. तुम्ही आजाऱ्याचं अंग कसं ठेवायचं ते विचारा. का, तेही विचारा. सांगेपर्यंत दारातून हलू नका.

साहेब, अर्धा दोष मी म्हातारीला देते. उरलेला तुमचा. ‘उशी काढली तर खांदा निखळेल’, एवढंच मराठीत सांगायला तुमची जीभ लुळी पडली होती का? उत्तर द्या.