खांब मिटल्यावर

दुपार कलली तरी कारखान्याची चाचणीबाई शेडमध्ये उभीच होती. पाय भरून आले होते, डोळे चुरचुरत होते, आणि समोरचा लाल बंब पाहुण्यानं येऊन हलायचं नाव घेऊ नये तसा ऐसपैस उभा होता. तपासणीच्या कागदावर तिची सही तेवढी राहिली होती.

आगीच्या बंबांवर रेडिओ बसवायचं काम कारखान्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. धुरात आत शिरलेल्या माणसांना बाहेरून हाक घालायची ती या रेडिओवरून: छत खचतंय, माघारी या. ती हाक रेडिओतून निघणार, केबलमधून बंबावर उभ्या केलेल्या खांबाच्या टोकाशी, अँटेनाला पोचणार, आणि तिथून वाऱ्यावर. केबलनं दगा दिला, की हाक बंबातच राहिली.

केबल निवडली होती खरेदीवाल्यानं. खरेदीवाला म्हणजे तिचा नवरा. कारखान्यात तो तिला 'बाई' म्हणायचा आणि ती त्याला 'साहेब'. फाटकाबाहेर पडलं की 'अगं' आणि 'अहो'.

केबली मोठ्या देखण्या होत्या. वरून तांब्याची नळी, आत पांढरा थर, मधोमध एकच तार, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून तयार आलेल्या. वाटेत सिग्नलची गळती म्हणाल तर नावाला. मीटर लावला की पडद्यावरची रेघ कशी, वारा पडलेल्या तळ्यासारखी.

"झालं का, बाई?" नवरा चहाचे दोन कप घेऊन आला. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. मालकांनी त्याला बजावलं होतं, उद्या सकाळी बंब गेले नाहीत तर खरेदीचं टेबल दुसऱ्याकडे. आधीच्या दोन कामांत उशीर पुरवठादारांनी केला होता, बिल मात्र याच्या नावावर फाटलं होतं.

"रेघ चांगली आहे," ती म्हणाली.

"मग करा की सही."

"खांब मिटवून नाही बघितला अजून."

"मिटवून कशाला? आपली चाचणी खांब उभा असतानाच होते."

होत होती खरी. आजवर त्यांनी रेडिओ बसवले ते इमारतींच्या गच्चीवर. तिथला खांब एकदा उभा केला की गंजेपर्यंत उभा. कारखान्यातल्या प्रत्येक नकाशात खांब ताठ काढलेला असायचा, आणि बंबाच्या नकाशातही हाताच्या सवयीनं तो ताठच आला होता. बंबाला मात्र गॅरेजच्या दारातून आत जायचं, तर खांब आडवा करावा लागणार. त्यासाठी बुडाशी बिजागरी केली होती. केबल त्या बिजागरीवरूनच गेली होती.

बिजागरी करणारे वेल्डरमामा चाकाला टेकून बसले होते. तिनं हाक मारली, "मामा, जरा खांब खाली घ्या."

"घेतो की," मामा गुडघ्यावर हात देत उठले. "याला निदान आडवं व्हायला मिळतंय. आपला नंबर कधी लागतो बघू."

खांब खाली आला, वर गेला. रेघ किंचित थरथरली. परत खाली, परत वर. आता रेघ दचकली. तिसऱ्यांदा खांब उभा राहिला तेव्हा रेघ पार कोसळली होती. तिनं वाकून पाहिलं. बिजागरीपाशी तांब्याच्या नळीला घडी पडली होती आणि घडीवर केसाएवढी चीर होती.

मामांनी चीर पाहिली, दोघांकडे पाहिलं, आणि पाना शोधायच्या निमित्तानं लांब गेले.

"हिच्याइतकी कमी गळती दुसऱ्या कुठल्याच केबलची नव्हती गं," नवरा म्हणाला. कारखान्यात असल्याचं तो विसरला होता.

"नव्हतीच. पण ही एकदा वाकवून बसवायची, आणि मग तिला हात लावायचा नाही. रोज उठबस करणाऱ्याची ही केबल नव्हे."

त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "आज सही कर. महिन्याभरात मी एकेका बंबाची केबल गुपचूप बदलून देतो. तुझ्या शब्दाला इथं किंमत आहे. कोण विचारणार?"

तिनं पेन उघडलं. खरंच, कोण विचारणार? सही केली की घरी जाऊन पाठ टेकता येईल. त्याचं टेबल राहील, संध्याकाळी दोघं चार शब्द सुखानं बोलतील. गेला महिनाभर घरात बोलणं म्हणजे केबल आणि तारीख, तारीख आणि केबल. तिला इतका शीण आला होता की होकारसुद्धा जड वाटेना.

"महिनाभर आगी लागायच्या थांबतील का हो?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, रागवायला लागतं तेवढं बळच उरलं नव्हतं.

तिनं पेन मिटलं.

मग ती कपाटातून नमुन्याची दुसरी केबल घेऊन आली. वर काळं आवरण, आत विणलेली तारांची जाळी, हातात घेतली की वेणीसारखी मऊ. तिनं ती बिजागरीवरून वळवून दाखवली.

"हिची गळती जास्त आहे," तो म्हणाला.

"म्हणून लांबी कमी करायची. रेडिओ ड्रायव्हरच्या पायाशी कशाला? खांबाच्या बुडाशी कप्पा आहे की, तिथं बसवू."

"तिथं पाणी उडतं."

"मग पाणी आत न घेणारे कनेक्टर मागवा. टेप धरा इकडून. आणि माप खांब आडवा करून घ्यायचं, नाहीतर ऐनवेळी ओढ बसेल."

त्यानं टेपचं टोक धरलं.

माप झाल्यावर त्यानं मालकांना फोन लावला. "उद्या बंब जाणार नाहीत. केबल चुकीची निवडली. मी." पुढं बराच वेळ तो नुसता ऐकत होता. शेवटी "बरं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाले?"

"सोमवारपासून टेबल त्यांचा भाचा बघणार. मी गोदामात."

तिनं त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"सोमवार लांब आहे," तो म्हणाला आणि त्यानं पुरवठादाराचा नंबर फिरवला. ती बंबाच्या पायरीवर बसली. डोळे आपोआप मिटले. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता, दमलेला, शब्द न् शब्द स्पष्ट. "नाही, सगळ्यात कमी गळतीची नको. वाकणारी द्या. एकदा नव्हे हो, रोज वाकणारी. तुमच्याकडे वाकवून बघितली आहे का कुणी? मग आधी बघा. मी थांबतो फोनवर."